सदतीस शब्द

वकिलीच्या व्यवसायात शब्दांचे मोल आम्हांस पदोपदी कळते. परंतु कायद्यातील शब्द कोणाच्या पायांत बळ आणू शकतात, याचा विचार आम्ही परवापरवापर्यंत केला नव्हता. निमित्त झाले ते आमच्या कन्येचे. महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात तिची निवड झाली आणि पालकाच्या संमतीचा कागद आमच्या मेजावर आला. पक्षकारांचे कागद आम्ही तत्परतेने पाहतो. हा मात्र आठ दिवस तसाच पडून राहिला.

गोमंतकात फुटबॉलचे वेड नवे नव्हे. भातकापणी झाली की शेतांचीच मैदाने होतात. आमचे चिरंजीव त्याच शेतांत खेळून वाढले. कन्येस मात्र दिवेलागणीच्या आत घरी येण्याची शिस्त होती, आणि त्या शिस्तीत काही वावगे आहे असे आम्हांस कधी वाटले नाही.

याच सुमारास मिया हॅम या अमेरिकन खेळाडूची हकीकत वाचनात आली. तिचा जन्म १९७२ सालचा. त्याच वर्षी अमेरिकेत एक कायदा झाला: सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करू नये. त्याचे मुख्य कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे. त्यांत खेळाचे नावही नाही. तरी त्याच्या आधारे महाविद्यालयांना मुलींसाठी संघ उभारावे लागले. पंधराव्या वर्षी, १९८७ साली, मिया राष्ट्रीय संघातून खेळली. पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून ती चार मोसम खेळली आणि चारही वेळा तिचा संघ अजिंक्य ठरला. ९५ सामन्यांत पराभव फक्त एक. १९९१ व १९९९ चे विश्वचषक, १९९६ व २००४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत १५८ गोल. हा उच्चांक २०१३ पर्यंत कोणा पुरुषाला वा स्त्रीला ओलांडता आला नाही.

कायद्याचा हा प्रताप पाहून आमच्यातील वकील सुखावला. पण पुढे वाचले ते असे की, लहानपणी तिला आपल्या संघात प्रथम घेतले ते गॅरेट या तिच्या थोरल्या भावाने. तो दत्तक आलेला. १९९७ साली रक्ताच्या दुर्धर विकाराने तो गेला. त्याच्या स्मरणार्थ तिने पुढे एक प्रतिष्ठान काढले.

येथे आम्ही थबकलो. विद्यापीठाचे दार कायद्याने उघडले हे खरे; परंतु घराचे दार कोणत्या कलमाने उघडावे? आमच्या राज्यघटनेचे १५वे कलम राज्याला लिंगभेद करण्यास मनाई करते, आणि न्यायालयात आम्ही ते अभिमानाने उच्चारतो. पण आमच्या ओसरीवर त्याचा अंमल नाही. तेथे अंमल आमचा.

त्या रात्री कन्येने शांतपणे विचारले, "बाबा, दादाचा असाच कागद आला होता, तेव्हा तुम्ही सही कधी केलीत?"

"त्याच संध्याकाळी," आम्ही म्हणालो. कारण ते खरे होते.

तिने पुढे काही विचारले नाही. अनेक साक्षीदारांना आम्ही उलटतपासणीत निरुत्तर केले आहे. त्यांची स्थिती कशी होत असेल, ते त्या रात्री उमगले. आम्ही सही केली. खाली तारीख घालताना हात क्षणभर अडखळला. आठ दिवसांचा तो विलंब कागदावर कायमचा राहिला आहे, आणि त्याला माफी मागण्याचा अर्ज कोणत्या न्यायालयात करावा, हे आम्हांस ठाऊक नाही.