शेवटची बस

विद्यापीठांना गाव का सोसत नाही कोण जाणे! बेळगावचे सरकारी राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली निघाले तेही गावाबाहेर, भूतरामनहट्टीला. आमचे खाजगीही असेच हमरस्त्याकडेला. हिरवळ सुंदर, बसायला मात्र बंदी. शेवटची बस चुकली की रिक्षा परवडत नाही. तेव्हा नाटक, वादविवाद, रात्रीचे ग्रंथालय हे सारे वसतिगृहातल्यांचे. शिकवणीची फी मात्र आम्हीही तेवढीच भरतो.

शिकवणे इंग्रजीत. मी मराठी शाळेतला, शेजारी बसणारा मित्र कन्नड शाळेतला. 'डेबिट-क्रेडिट' दोघांनाही परके. बसमध्ये तो कन्नडमधून ताळेबंद समजावून सांगे, मी मराठीतून शंका काढी. तो 'जमा-खर्चु' म्हणे, मी 'जमा-खर्च'. परवा कंडक्टरनेच विचारले, "काय मालक, आज घसारा नाही का?"