हुकमाचा ताबेदार

हुकूम सोडण्याची हौस कोणाला नसते? पण आपला हुकूम कोणीतरी ऐकावा, हा योग सगळ्यांच्याच पत्रिकेत नसतो. माझ्या पत्रिकेत तो मुळीच नव्हता. मी चौतीस वर्षे एका सरकारी कचेरीत टंकलेखक होतो. त्या काळात माझ्या बोटांखालून हजारो हुकूम गेले, पण खाली सही नेहमी दुसऱ्याची. घरी आलो की राज्य सौभाग्यवतींचे. तेव्हा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, वडखळच्या घरी ओटीवर बसून मी एका ओळीचा हुकूम टंकला आणि मध्यरात्रीची लख्ख सकाळ झाली, असे मी सांगितले तर म्हाताऱ्याला भ्रम झाला असे तुम्ही म्हणाल. पण झाले ते अगदी असेच.

त्याचे असे झाले. गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून आला. वय वर्षे अकरा. त्याच्यासाठी मी वसुबारसेच्या आदल्या दिवशीच विटांचे तुकडे, जुने गोणपाट आणि दोन घमेली चिकणमाती अंगणात आणून ठेवली होती. आमच्या पेणचे गणपती देशोदेशी जातात. मातीत हात घातल्याशिवाय आमच्याकडे मूल मोठे होत नाही, अशी माझी समजूत. पण चिरंजीवांनी मातीकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “आजोबा, या वर्षी मी किल्ला नाही, आख्खं वडखळ केलंय. बघायचंय?” आणि त्याने मांडीवरचा संगणक उघडला.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनच्या स्टॉकहोम शहरातला हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात बाजारात आला, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो करणारी कंपनीच अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. खेळ कसला, तर ठोकळ्यांचा. मातीचा ठोकळा, दगडाचा ठोकळा, पाण्याचासुद्धा ठोकळा. ते फोडायचे, गोळा करायचे आणि एकावर एक रचून हवे ते उभारायचे. जिंकणे-हरणे असे काही सक्तीचे नाही. एवढ्या पैशांत हे, असे माझ्या मनात आले. पण पडद्यावर पाहिले आणि मी गप्प झालो.

वडखळचा नाका मी ओळखला. मुंबईचा रस्ता येतो आणि दुभंगतो. एक फाटा अलिबागला, दुसरा नागोठण्यावरून गोव्याकडे. डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या होत्या. आमचे घर होते. ओटीवर पिवळ्या ठोकळ्यांचा झोपाळाही होता, मात्र तो हलत नव्हता. हे सारे त्याने दोन महिने रोज थोडे थोडे, एकेक ठोकळा ठेवून केले होते.

मी बघत असतानाच खेळात रात्र झाली. तिथला दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटांत आटोपतात. “थांबा,” तो म्हणाला, “तुम्हीच सकाळ करा.” त्याने मला तिरपी रेघ दाखवली. ती आधी टंकायची, म्हणजे पुढे येते ती गप्पा नव्हे तर आज्ञा आहे हे यंत्राला कळते. मग ‘टाइम सेट डे’. मी दोन बोटांनी नव्हे, दहाही बोटांनी टंकले. ती विद्या अजून हातात आहे. कळ दाबली आणि सूर्य वर आला.

काय सांगू तो आनंद! ‘वेदर क्लिअर’ म्हटले की पाऊस थांबतो. ‘टीपी’ म्हणून तीन आकडे दिले की माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो, एसटीची वाट पाहणे नाही. ‘गिव्ह’ म्हटले की वस्तू हातात येते. पाच प्रती नाहीत, कार्बन कागद नाही, जावक क्रमांक नाही. साहेब रजेवर आहेत हे उत्तर नाही. मुले या आज्ञांना ‘चीट्स’ म्हणतात, म्हणजे लबाडी. आमच्या कचेरीत अशी लबाडी कोणी करून दाखवली असती, तर आम्ही त्याचा सत्कार केला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खऱ्या खाडीकडे घेऊन गेलो, कारण त्याच्या वडखळात सगळे होते, पण खार नव्हती. धरमतरच्या खाडीकाठची आमची ही जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आहे. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात पिकते. बांध नसता तर तिथे मासे फिरले असते. बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बाहेरचे खारे पाणी अडवते. पूर्वी बांधाची डागडुजी शिलोत्रदार करीत आणि त्याबद्दल कुळांकडून भात घेत. पुढे १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली नवा झाला, आणि मोठे बांध सरकारकडे आले. नातवाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मग आपण खार करू.”

दोन दिवस आम्ही खार केली. खेळात भात नाही, गहू आहे. आम्ही गव्हालाच भात मानले. बांध त्याने हाताने रचला, त्याच्यामागे शेते केली, शेतांपलीकडे चार घरे बांधली. तिथे एक नवल कळले. खेळातला समुद्र खारा नाही. शेताच्या कडेला समुद्राचे पाणी असले तरी पीक जोमाने येते. शिवाय बांधाचा एखादा ठोकळा काढला तर पाणी आत शिरते, सपाटीवर सात घरे जाते आणि थांबते. सात घरे! अशी समजूतदार खाडी मी जन्मात पाहिली नव्हती.

राहिली होती ती फक्त खाडी रुंद करायची. “हे काम आज्ञेचं,” नातू म्हणाला. आज्ञेचे नाव ‘फिल’. तिला खोक्याचे दोन समोरासमोरचे कोपरे सांगायचे. प्रत्येकी तीन आकडे, पूर्व-पश्चिम, उंची आणि उत्तर-दक्षिण. शेवटी काय भरायचे ते. एका दमात ३२,७६८ ठोकळे भरता येतात, म्हणजे बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस. त्याने सहा आकडे मला सांगितले आणि तो आजीकडे चकली आणायला आत गेला.

मी टंकले. कळ दाबली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ठोकळे यशस्वीपणे भरल्याची ओळ उमटली. मी वर पाहिले. शेते नव्हती. बांधाचा खालचा भाग पाणी झाला होता आणि वरचा थर तेवढा अधांतरी राहिला होता, कारण त्या जगात मातीला पडणे ठाऊक नाही. चार घरांच्या भिंती बुडाल्या होत्या, छपरे पाण्यावर तरंगत होती. मी माझी ओळ परत वाचली. शेवटचा आकडा ११७ हवा होता. मी १७१ टंकला होता. यंत्राने मला विचारले नाही, की बाबा रे, यात घरे आहेत. मी सांगितले तसे त्याने केले.

नातू चकली घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. “मागे घ्यायची आज्ञा कुठली?” मी विचारले. “तशी आज्ञा नाहीये,” तो म्हणाला. त्याचा खालचा ओठ थरथरत होता, पण तो रडला नाही.

मला मात्र पडद्यावरचे पाणी दिसेनासे झाले. दिसू लागला तो १९८९ चा पावसाळा. त्या जुलैत अंबा नदीने जांभूळपाड्यात हाहाकार केला, आणि पुढे श्रावणातल्या पौर्णिमेच्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. गावकऱ्यांनी अर्ज केला. सुदैवाने, असे तेव्हा वाटले, तो अर्ज मी होतो त्याच कचेरीत आला. दुरुस्तीचा हुकूम माझ्याच यंत्रावर निघाला. गट क्रमांक होता ३७. मी ७३ टंकले. साहेबांनी सही केली. माणसे ७३ वर गेली, बांध धडधाकट होता. शेरा आला: पाहणी केली, बांध सुस्थितीत आहे. कागद दप्तरी लागला. चूक माझ्या ध्यानात आली तेव्हा मी शुद्धिपत्रक काढले, पण तोवर किती उधाणे येऊन गेली होती. खांड रुंदावली. पुढच्या उन्हाळ्यात गावाने मिळून ती बुजवली, पण जुन्या जागी पाया धरेना, म्हणून नवा बांध आत घेतला. आमचे शेत बाहेर राहिले. आज तिथे तिवरांचे रान आहे.

वडील म्हणायचे, “खाडीला कागद वाचता येत नाही.” कचेरीला त्यांनी मनसोक्त शिव्या दिल्या. तो हुकूम कोणी टंकला हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. मी सांगितले नाही. आधी भीती वाटली, मग वेळ निघून गेली, आणि मग वडीलच गेले.

हे मी कोणालाही सांगितले नव्हते. त्या दुपारी ओटीवर, अकरा वर्षांच्या पोराला सांगितले. त्याने चकली मोडून अर्धी मला दिली. बराच वेळ तो विचार करीत होता. मग म्हणाला, “आकडे दोघांनी वाचायचे, आजोबा. एकाने टंकायचे, दुसऱ्याने मोठ्यांदा वाचायचे.” चौतीस वर्षांत आमच्या कचेरीला हे सुचले नव्हते, मलाही नाही.

“फिलने परत माती भरायची का?” मी विचारले.

“पाणी काढायला चालेल. बांध हातानं.”

पाणी आज्ञेनेच काढले. आकडे मी टंकले, त्याने मोठ्यांदा वाचले, मग मी वाचले, मग कळ दाबली. बांध मात्र दोन संध्याकाळी आम्ही एकेक ठोकळा ठेवून रचला. मला सुरुवातीला उंदीर धरता येईना, ठोकळा भलतीकडेच जाऊन बसे. तो न बोलता काढून देई. आत हाका मारून आजी थकली, करंज्या ओटीवरच आल्या. माझी बोटे दुखू लागली. पण आदल्या दिवशी सूर्य उगवला तेव्हाचा आनंद आणि हा, यांत काही फरक होता. आता बांधाचा प्रत्येक ठोकळा मला ओळखता येत होता.

शेवटी एक शेत उरले, अगदी कडेचे. नातवाचा हात थांबला.

“हे आत घ्यायचं की बाहेर?”

“आत,” मी म्हणालो.

त्याने बांध वळवला आणि शेत आत घेतले. मग खेळात पुन्हा अंधार पडला. त्याने यंत्र माझ्याकडे सरकवले. मी तिरपी रेघ काढली, आणि मग राहू दिले. दहा मिनिटांत उजाडणारच होते. अंगणात आजीने पहिली पणती लावली होती. आणलेली माती अजून तशीच पडून होती. नातू उठला, त्याने बाह्या वर केल्या आणि एका घमेल्यात पाणी ओतले.