पडद्याचें माप

मनुष्य बाजारांत गेला म्हणजे मोठ्या अक्षरांत जें छापलेलें असतें तें प्रथम वाचतो, आणि बारीक अक्षरांत जें असतें तें न वाचतांच पुष्कळदां घरीं परततो. धान्य, कापड, भांडीं ह्यांच्या बाबतींत वडील माणसांचा अनुभव आपल्या उपयोगीं पडतो. परंतु लॅपटॉपसारखी वस्तु घरांत प्रथमच यावयाची असली म्हणजे असा अनुभव कोणापाशींच नसतो. यंदा माझ्या ताईस वास्तुकलेच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, तेव्हां आमच्या घरीं हाच प्रसंग आला.

माझे बाबा शिवणकाम करितात. दोन वर्षें थोडी थोडी करून त्यांनीं बाजूस ठेविलेली रक्कम एकाच यंत्रास पुरणारी होती, आणि त्याच यंत्रावर ताईला पांच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावयाचा होता. दुकानांतील गृहस्थांनीं प्रोसेसर, रॅम ह्यांचें वर्णन मोठ्या हौसेनें केलें, पडद्याविषयीं मात्र ते एवढेंच म्हणाले, "काका, १५.६ इंची आहे आणि एलईडी आहे." बाबांनीं विचारलें, "हे इंच लांबीचे कीं रुंदीचे?" त्यावर उत्तर मिळेना, म्हणून त्यांनीं खिशांतील टेप लावून पाहिली. पडदा आडवा साडेतेरा व उभा साडेसात इंचांहून किंचित् अधिक भरला. १५.६ हें माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचें, म्हणजे भूमितींतील कर्णाचें, निघालें! कर्ण सारखा असूनही आकार निराळा असूं शकतो. रुंदी व उंची ह्यांचें प्रमाण १६:९ ऐवजीं १६:१० असलें, तर उंची अधिक मिळते, आणि तें लिहिण्यावाचण्यास सोयीचें पडतें.

दुसरी गोष्ट पडद्याच्या विणीची. पडद्यावरील प्रत्येक चित्र व अक्षर बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. त्यांस पिक्सेल म्हणतात. १३६६ × ७६८ असें लिहिलेल्या पडद्यांत सुमारें साडेदहा लाख ठिपके असतात, तर १९२० × १०८० ह्यांत सुमारें पावणेएकवीस लाख. ताईनें हें समजावून सांगतांच बाबा म्हणाले, "म्हणजे एका इंचांत धागे किती, असेंच ना?" अगदीं तसेंच. १५.६ इंची पडद्यावर पहिल्या प्रकारांत एका इंचांत सुमारें १०० ठिपके बसतात, दुसऱ्यांत सुमारें १४१. विरळ विणीच्या पडद्यावर आपल्या देवनागरी लिपीचे विशेष हाल होतात. लहान अक्षरांत 'द्य' आणि 'ध' ह्यांतील भेद पुसट होतो.

तिसरी गोष्ट उजेडाची. तो निट ह्या परिमाणानें मोजितात. २५० निटांचा पडदा सायंकाळीं खोलींत चांगला दिसतो, परंतु दुपारीं खिडकीपाशीं तो निस्तेज वाटतो. तेथें ३०० किंवा त्याहून अधिक निट असलेले बरे.

'एलईडी' ह्या शब्दानें तर पुष्कळांचा गैरसमज होतो. सामान्यतः त्याचा अर्थ एवढाच कीं, मागील दिवे त्या जातीचे आहेत. पुढचा पडदा एलसीडीच असतो. ओएलईडी ही जात निराळी. तींत प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो. एलसीडीमध्यें टीएन जातीचा पडदा वरून किंवा खालून पाहिला असतां रंग पालटतात. आयपीएस जातीचा सहसा तसें करीत नाहीं. रंगांचे आंकडेही दोन निरनिराळ्या गजांनीं मोजलेले असतात: '४५ टक्के एनटीएससी' म्हणजे फिके रंग, ७२ टक्के एनटीएससी हें १०० टक्के एसआरजीबीच्या जवळपास येतें.

शेवटीं दोन यंत्रें समोर राहिलीं. एकाचा प्रोसेसर अधिक वेगवान, परंतु पडदा २५० निटांचा व रंगांनीं फिका. दुसऱ्याचा वेग थोडा कमी, साठवणुकीची जागा निम्मी, परंतु पडदा ३०० निटांचा व रंगांनीं पूर्ण. ताईचें मन पहिल्याकडे ओढत होतें. बाबांनीं विचारलें, "ह्यांतलें मागाहून काय वाढवितां येईल?" दुसऱ्या यंत्रांत साठवणुकीची जागा वाढविण्याची सोय होती, पडदा मात्र बहुधा जसा घेतला तसाच राहतो. दुसरें यंत्र घरीं आलें. मोठे नकाशे उघडतांना ताईला अंमळ थांबावें लागतें, हें खरें. परंतु आमच्या एकुलत्या एका खिडकीपाशीं बसून भर दुपारीं ती बारीकांतली बारीक रेघ ओळखूं शकते.

विद्यार्थिमित्रहो, आज ना उद्यां हा प्रसंग तुमच्याही घरीं येईल. त्या वेळीं कर्ण, ठिपके, निट, पडद्याची जात आणि रंगांचें प्रमाण हे पांच आंकडे लेखी मागावे. मग पडदा दारापाशीं उजेडांत नेऊन आपल्या भाषेंतील एक पान त्यावर वाचून पाहावें. घामाच्या पैशानें घ्यावयाच्या वस्तूचें प्रत्येक माप समजून घेणें ही कृपणता नव्हे; ज्यानें तो पैसा मिळविला त्याच्या कष्टांचा तो मान आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता १० वी