दाब वाढवण्याआधी गळती शोधा

जुनी स्कूटर आणि तिचा मालक एकाच वेळी म्हातारे झाले, की दोघांची भेट किकवर होते. आमच्या बाबांची बजाज चेतक १९८८ सालची आणि बाबा एकाहत्तर वर्षांचे. पूर्वी गाडी जरा कलती केली आणि एक किक मारली की काम भागत असे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र दहा किक मारल्या तरी ती सुरू होईना. गुडघा चोळत बाबा पायरीवर बसत. आई म्हणे, "पुरे झालं, विकून टाका आता." बाबा गप्प राहत. मंडई, बँक, मित्राचे घर, कुणालाही न विचारता कुठेही जायचे त्यांचे हे एकच साधन होते.

धाकट्या भावाने उपाय शोधला. "ताई, कॉम्प्रेशन कमी झालंय. हेड लेथवर एक मिलिमीटर उतरवलं की बघ गाडी कशी पळते!"

कॉम्प्रेशन म्हणजे पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला पिस्टन किती दाबतो ते. चेतकचे टू-स्ट्रोक इंजिन सुमारे १४५ सीसीचे. समजा, पिस्टन वर पोहोचल्यावर हेडमध्ये २५ सीसी जागा उरली, तर १७० चे २५ झाले, म्हणजे जवळजवळ सातपट दाब. तीच जागा २० सीसी केली, तर प्रमाण आठपटींच्या वर जाते. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरकडचे भोक पिस्टनने झाकल्यावरच खरा दाब सुरू होतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी असतो.

जागा कमी करायचे मार्ग तीन. हेड घासणे, पॅकिंग पातळ करणे किंवा उंच माथ्याचा पिस्टन बसवणे. यांपैकी सिलिंडरखालची पॅकिंग पातळ केली, तर सिलिंडर खाली बसतो आणि त्यातली भोके उघडण्या-मिटण्याची वेळही बदलते. हेड फार उतरवले, तर पिस्टन त्यावर आपटू शकतो. शिवाय दाब वाढला की उष्णता वाढते, मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते आणि शेवटी पिस्टनला भोक पडू शकते किंवा तो जाम होतो.

आमच्यासाठी मात्र सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. जास्त दाब म्हणजे जड किक. ज्या गुडघ्यासाठी हा खटाटोप, त्यालाच ती सोसणार नव्हती.

आमच्या मेकॅनिककाकांनी आधी प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि भावाला किक मारायला सांगितली. अंगठ्याला जेमतेम फुंकर लागली. मग भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा किक. या वेळी अंगठा उडाला. "दाब तयार होतोय, पण रिंगांपाशी निसटतोय," ते म्हणाले. "ऑईलने फट बुजली म्हणून आत्ता तो टिकला. हेडला हात लावायचं कारण नाही."

इंजिन खोलल्यावर एक रिंग काजळीने खाचेत चिकटलेली निघाली. सिलिंडरही झिजून किंचित लंबगोल झाला होता. तो रिबोअर करून एक माप मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधली फट गेजने मोजली. हेड काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर फक्त सपाट होईपर्यंत फिरवले. सायलेन्सरच्या तोंडाची काजळी खरवडली. बाबांना एकच ताकीद मिळाली. पहिले पाचशे किलोमीटर गाडी ताणायची नाही आणि लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी ऑईल विसरायचे नाही.

स्कूटर आता दुसऱ्या किकला सुरू होते. वेग पूर्वीइतकाच आहे, म्हणून भाऊ थोडा नाराज आहे. विकण्याची भाषा मात्र घरात बंद झाली.

आपल्याकडेही अशी एखादी लूना, चेतक किंवा आरएक्स १०० असेल आणि तिचा दम गेल्यासारखा वाटत असेल, तर हेड लेथवर पाठवण्यापूर्वी ही अंगठ्याची आणि चमचाभर ऑईलची परीक्षा जरूर करून घ्या. बहुतेक वेळा इंजिनाला नवी ताकद नको असते, होती ती राखली तरी पुरते.