सायलेन्सर का तापतो?



आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पोटरीवर सायलेन्सरचा जुना डाग असेल. असा चटका बहुतेक वेळा गाडी चालवणाऱ्याला बसत नाही. मागे बसलेल्याला, घाईने उतरणाऱ्या लेकराला, उभ्या गाडीजवळून जाणाऱ्याला बसतो. गाडीशी ज्याचा काही दोष नाही, त्याच्याच अंगावर तो डाग राहतो.

उपवासकाळात मुलांची पापनिवेदनाची तयारी चालू होती. तेव्हा एका मुलीने मला विचारलं, “सर, बाबा कामावर कुणाला ओरडत नाहीत. मग घरी आल्यावरच का ओरडतात?” वर्ग एकदम गप्प झाला. तिला काय सांगावं याचा विचार मनात असतानाच आमच्या धर्मग्रामातल्या एका मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये जाणं झालं, आणि अर्धं उत्तर तिथे मिळालं.

एक तरुण आपली जुनी, कार्बुरेटरची मोटारसायकल घेऊन आला होता. गाडी मिसिंग करत होती. चढावर दम सोडायची, रेस सोडली की सायलेन्सरमधून फट-फट आवाज यायचा. अंधारात पाहिलं तर इंजिनाजवळचा बेंड पाईप चक्क लालसर दिसायचा. आठवड्यापूर्वी त्याच्या लहान भाचीचा पाय त्याला लागला होता. तो म्हणाला, “मामा, हा पाईपच काढून टाका. नवीन सायलेन्सर बसवा.”

मिस्त्री म्हणाले, “पाईप आग लावत नाही रे. आग आतून येते. आधी ती का येते ते बघू.”

चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल जळतं. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर मिनिटाला 2000 वेळा. प्रत्येक वेळी ते सिलिंडरच्या आत आणि ठरल्या क्षणी जळलं पाहिजे. तसं झालं तर त्या जळण्यातून चाकाला ओढ मिळते. ते उशिरा किंवा अर्धवट जळलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि जळती हवा पाईपात जाते. एखाद्या फेऱ्यात पेटलंच नाही, तर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाईपात जाऊन तिथे भडकतं. इंधन तेच आणि आगही तीच. पण गाडी पुढे जात नाही, नुसता पाईप तापतो.

मिस्त्रींनी आधी प्लग काढला. तो ओला किंवा काजळी धरलेला नव्हता. त्याचं टोक पांढरंफटक होतं. निरोगी इंजिनाचा प्लग बिस्किटी रंगाचा असतो. काळा प्लग पेट्रोल जास्त असल्याचं सांगतो, पांढरा प्लग हवा जास्त असल्याचं. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. हवा त्याहून फार वाढली की मिश्रण सावकाश जळतं, कधी पेटतच नाही. मग त्यांनी ठिणगी पाहिली, ती चांगली होती. इंजिन गार होऊ दिलं आणि टॅपेटची फट मोजली. ही फट संपली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्यानेही पाईप तापतो. तीही ठीक निघाली. शेवटी गाडी चालू ठेवून कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाजवळ त्यांनी थोडा स्प्रे मारला. इंजिनाचा आवाज लगेच बदलला. त्या रबराला खालच्या बाजूने बारीक चीर होती. फिल्टर चुकवून हवा तिथून आत शिरत होती.

नव्या सायलेन्सरच्या मानाने त्या रबराची किंमत किरकोळ. सायलेन्सर बदलला असता तर तोही तसाच लाल झाला असता.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसलं. दिवसभरात साहेबाने केलेला अपमान, हप्त्याची चिंता, आईवडिलांच्या दुखण्याची धास्ती, हे सगळं इंधनच आहे. ते प्रार्थनेत देवापुढे मांडलं, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी वेळेवर बोललो, तर त्यातून पुढे जायला बळ मिळतं. तसं झालं नाही म्हणून ते नाहीसं होत नाही. ते पुढे सरकतं आणि उंबऱ्याच्या आत येऊन भडकतं. चटका बायकोला बसतो, लेकरांना बसतो. मत्तयाच्या 15व्या अध्यायात प्रभू येशू हेच शिकवतो. माणसाला जे विटाळतं ते अंतःकरणातून निघतं. तोंड हा नुसता बाहेर पडायचा मार्ग.

म्हणून “मी रागीट आहे” एवढं म्हणून आत्मपरीक्षण संपत नाही. ते म्हणजे “पाईप तापतो” एवढंच सांगणं. गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे सोबती संत इग्नेशियस लोयोला यांनी एक साधी रीत दिली आहे. 1548 साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात ती आहे. एका वेळी एकच दोष घ्यावा. सकाळी उठताच त्याची आठवण ठेवावी. दुपारी आणि रात्री तो किती वेळा घडला ते तासातासाने आठवावं आणि रेघेवर तेवढे ठिपके द्यावेत. आज आणि कालची तुलना करावी. चांगला मिस्त्रीही एकदम चार भाग बदलत नाही. एक तपासतो, मग दुसरा.

या आठवड्यात एवढं करून पाहूया. घरी आवाज चढला की रात्री स्वतःला विचारूया: हे कुठून आलं? कोणत्या वेळी, कोणाच्या शब्दाने? चीर सापडली तर ती फादरांपुढे पापनिवेदनात नेमकी सांगता येते. आणि ज्याला चटका बसला त्याच्याजवळ जाऊन त्याची क्षमा मागायची आहेच. आतली दुरुस्ती झाली म्हणून दुसऱ्याचा डाग आपोआप जात नाही. खरोखर सायलेन्सरचा चटका बसला, तर टूथपेस्ट लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं पाय धरा. मनाच्या चटक्यालाही असाच वेळ द्यावा लागतो. धावतपळत म्हटलेल्या “सॉरी”ने तो निवत नाही.

स्तोत्रसंहितेच्या 139व्या स्तोत्राच्या शेवटी भक्त देवालाच विनवतो, की तूच मला तपास. आपल्याला न दिसणारी खालच्या बाजूची चीर त्याला दिसते.

हे प्रभू, आमच्या घरात ज्यांना आमच्या रागाचे चटके बसले, त्यांना तू बरं कर. आमच्या अंतःकरणाची तपासणी तू स्वतः कर, आणि आत जे जळायचं ते तुझ्याच अग्नीत जळू दे. आमेन.