चिकूचं बाळंतपण



मागच्या रविवारी स्थानकातून निघताना बहू मंडळातली एक नवी सून माझ्यासोबत चालायला लागली. "काकी, तुमच्याकडे पॉम आहे ना? माझ्याकडेही माहेरहून एक आलीय. तिची पिल्लं काढावीत म्हणतेय. घरबसल्या काम होईल, चार पैसेही मिळतील. सुरुवात कशी करू?"

चपला घालता घालता उत्तर द्यावं असा हा प्रश्न नव्हता. म्हटलं, लिहूनच देते. आमच्या चिकूला चार वर्षांपूर्वी पिल्लं झाली, तेव्हा मी बऱ्याच चुका केल्या. त्यातल्या काही अशा की अजून प्रतिक्रमणाला बसले की आठवतात.

चिकू तेव्हा अडीच वर्षांची होती, वजन साडेतीन किलो. शेजारणी म्हणायच्या, "एकदा तरी आई होऊ दे तिला, नाहीतर आजारी पडेल." मलाही ते पटलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की यात काहीच तथ्य नाही, एकदाही न व्यालेली कुत्री मजेत जगते. पण मी ते विचारलं नंतर. आधी नणंदेच्या ओळखीतून एक नर शोधला, दिसायला अगदी कापसाचा गोळा. ठरलं असं की पैसे द्यायचे नाहीत, त्याऐवजी पहिल्या निवडीचं पिल्लू नरवाल्यांना. या व्यवहारात अशीच पद्धत आहे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खरं तर सुरुवात तिथून होत नाही. सुरुवात होते गुडघ्यांपासून. पॉम, चिवावा, शिह त्झू अशा छोट्या जातींमध्ये गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष खूप दिसतो. कुत्री चालता चालता एक पाय उचलून दोन-तीन उड्या मारते आणि पुन्हा नीट चालते, आपण म्हणतो किती गोड. तो दोष असतो, आणि तो पिल्लांमध्ये उतरतो. डॉक्टर हाताने तपासूनच तो किती आहे ते सांगतात, एक ते चार अशा पायऱ्या असतात. शिवाय हृदय, दात आणि ब्रुसेला नावाच्या जंतूसाठी रक्ताची तपासणी, ही नराची आणि मादीची, दोघांचीही. केनेल क्लबचा कागद असला म्हणजे हे सगळं झालं असं नाही. तो कागद वंशावळ सांगतो, गुडघे सांगत नाही. आणि आपल्याकडे पॉम म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतं, हेही जाता जाता सांगते. मादी लहान आणि नर अंगाने मोठा, अशी जोडी तर लावूच नये. 'टीकप' म्हणून जी पिल्लं दाखवतात ती कुठली वेगळी जात नाही, लहानातली लहान, बऱ्याचदा अशक्त पिल्लं निवडून काढलेली असतात.

मी यातलं काहीही केलं नाही. चिकूचं वय तेवढं नशिबाने बरोबर होतं. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत 2017 सालचे केंद्राचे नियम आहेत. त्यात अठरा महिन्यांच्या आतल्या मादीला गाभण करायचं नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असं आहे. घरातल्या घरात करतो म्हणून आपण त्यातून सुटत नाही.

दिवस राहिले. साधारण 63 दिवस असतात. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी डिंकाचे लाडू करायला घेतले, त्यातला एक चिकूलाही द्यायचा म्हणून. बरं झालं मी डबा उघडून पाहिला. त्यात मनुका होत्या, आणि मनुका-द्राक्षं कुत्र्याला विषासारखी. लाडू वाचवला, पण दुसरी चूक मीच केली. बाईच्या जातीला बाळंतपणात कॅल्शियम हवं, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की मी औषधाच्या दुकानातून कॅल्शियमचं सिरप आणलं आणि महिनाभर रोज चमचाभर पाजलं. डॉक्टरांना विचारलंही नाही.

खाण्याचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. एरवी चिकू आमच्या घरी शाकाहारीच खाते. पण शेवटचे तीन आठवडे आणि पिल्लं पीत असताना तिला एरवीपेक्षा जास्त ताकदीचं अन्न लागतं. डॉक्टरांनी पिल्लांसाठीचं पाकिटबंद खाद्य लिहून दिलं. पाकीट उलटून वाचलं तर पहिलंच नाव कोंबडीचं. दोन रात्री झोप नव्हती. तिच्या पोटातल्या जीवांसाठी दुसऱ्या जीवांचं मांस विकत आणायचं, आणि ही पिल्लं हवी कोणाला होती? मला. शेवटी आणलं. गच्चीवर वेगळी वाटी, वेगळा पाट, हात धुऊनच खाली यायचं. सासूबाई दोन महिने गच्चीवर फिरकल्या नाहीत, मला काही बोलल्याही नाहीत. मी केलं ते बरोबर होतं असं म्हणत नाही. जोडी लावण्याच्या आधी हे ठरलेलं असायला हवं होतं, एवढंच. तेव्हा मी नाही म्हणू शकले असते.

पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पिल्लं किती ते मोजता येतं. तीन होती. छोट्या कुत्रीला एकच पिल्लू असलं तर उलट जास्त धोका, कारण ते पोटात मोठं होतं आणि अडतं. म्हणून हा एक्स-रे चुकवू नका. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. तो 99 फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कुत्री वेते. चिकूचा एका संध्याकाळी उतरला. आमचा चौविहार झाला होता. रात्रभर पाण्याच्या थेंबाशिवाय मी आणि मुलगी कपड्यांच्या खोक्यापाशी बसून होतो. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की अर्धा तास जोर लावूनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर थांबायचं नाही, गाडी काढायची. रात्रीचा कुठला दवाखाना उघडा असतो आणि सिझेरियनला किती पैसे लागतील, हे दोन्ही आधी माहीत हवं. आम्हाला ती वेळ आली नाही. पहाटे चारपर्यंत तिन्ही आली.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन मोजली: 140, 132 आणि 90 ग्रॅम. पिल्लांचं वजन रोज एकाच वेळी करायचं आणि वहीत लिहायचं, ते रोज वाढलंच पाहिजे. दोघांचं वाढत होतं. नव्वदवालीचं दुसऱ्या दिवशी 86 झालं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवावी लागते. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची. हे सगळं केलं. चौथ्या दिवशी दुपारी ती मुलीच्या तळहातावर गेली. आम्ही तिच्याजवळ नवकार म्हटला.

तिसऱ्या आठवड्यात पर्युषण सुरू झालं. सहाव्या दिवशी मी व्याख्यानाहून आले तर चिकू पिल्लांजवळ नव्हती. बाल्कनीत धापा टाकत होती, पाय काठीसारखे ताठ, अंग थरथरत होतं. मला वाटलं उन्हाने झालं असेल, पाणी शिंपडलं. दहा मिनिटांत तिला झटका आला. दवाखान्यात पोचेपर्यंत अंग तव्यासारखं तापलं होतं. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं होतं. दूध सर्वांत जास्त असतं त्या आठवड्यांत छोट्या कुत्र्यांना हे होतं. डॉक्टरांनी एका हाताने हळूहळू शिरेतून कॅल्शियम सोडलं आणि दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप तिच्या छातीवर धरून ठेवला, कारण ते भरभर गेलं तर हृदयच थांबतं. चिकू शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाभण असताना कॅल्शियम दिलं होतं का?" मी हो म्हटलं. बाहेरून रोज मिळत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि दूध सुरू झाल्यावर एकदम तुटवडा पडतो, असं त्यांनी समजावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या संवत्सरीला मी सर्वांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, आणि घरी येऊन चिकूलाही म्हटलं. मुलगी हसली नाही.

पिल्लांना बाटलीने दूध पाजायला लागलो. साधं गाईचं दूध चालत नाही, पिल्लांची वेगळी पावडर मिळते. ती पाच आठवड्यांची झाली तोच नरवाल्यांचा फोन आला, "आमचं पिल्लू न्यायला येतो." मला आठ आठवड्यांचा नियम तेव्हा माहीत नव्हता आणि दिवसरात्र पाजून थकलेही होते. दिलं. महिन्याभराने कळलं की त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी कोणाला तरी विकलं. 140 ग्रॅमचं होतं ते, उजव्या कानावर बदामी ठिपका. कुठे आहे मला माहीत नाही. लिहून काही घेतलंच नव्हतं. सांभाळता आलं नाही तर परत माझ्याकडेच द्यायचं, एवढी एक ओळ तरी कागदावर हवी होती.

दुसरं चिंचवडला नणंदेच्या मैत्रिणीकडे गेलं. तिने बळेबळे पाकीट दिलं, त्यात 11,000 रुपये होते. मी ते पांजरपोळात भरले. पण घेतले होते हे खरंच आहे. सातव्या व्रतात पंधरा कर्मादानं आपण दर वेळी म्हणतो. त्यातलं केशवाणिज्य म्हणजे केस असलेल्या जीवांचा, दासांचा आणि जनावरांचा व्यापार, हे मला लहानपणापासून पाठ. पण तोंडाने म्हणताना डोळ्यांसमोर उंटांचे तांडे यायचे, आपल्या बाल्कनीतलं खोकं कधी आलं नाही. साध्वीजींना विचारलं होतं. गृहस्थीच्या अशा कामात त्या 'कर' किंवा 'नको' म्हणत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की यातलं किती तिच्यासाठी होतं आणि किती तुझ्यासाठी.

पुढच्या वर्षी चिकूचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, न केल्यास उतारवयात गर्भाशयात पू होण्याची भीती असते. निर्लांछन, जनावरांना खच्ची करणं, हेही त्या पंधरांतच आहे, हे मला माहीत होतं. तो धंद्याचा उल्लेख आहे, मी धंदा केला नाही, असं मनाला समजावते. पूर्ण समजत नाही. पण पुन्हा तसे तीन महिने तिच्यावर आणायचे नव्हते.

हे सगळं मी त्या सुनेला फोनवरही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकी, आमची पण कधी कधी पाय उचलून चालते." तिच्या कुत्रीची पुढची हीट दिवाळीच्या सुमारास आहे. शनिवारी दोघी मिळून तिला आमच्या डॉक्टरांकडे नेणार आहोत, गुडघे दाखवायला.