शेततळ्याचा एक सेंटीमीटर



शेततळ्यात पाणी किती, हे आपण काठावर उभं राहून अंदाजानं सांगतो. "अजून दोन पुरुष असंल," म्हणायचं आन् घरी यायचं. पण डाळिंबाचा आंबे बहार धरला की अंदाजावर भागत नाही. हिशेब बघा. माझं तळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूचा उतार एकास एक. भरलं तर साधारण २१ लाख ९६ हजार लिटर. वरच्या अंगाला एक सेंटीमीटर म्हणजे ९ हजार लिटर, मध्यावर सुमारे ७,३०० आणि तळाशी ५,७६० लिटर.

दोन एकरात ६०० झाडं. उन्हाळ्यात झाडाला ४० लिटर धरले तर रोज २४ हजार लिटर जातात. म्हणजे तळं निम्मं असताना दिवसाला सव्वातीन सेंटीमीटर पाणी उतरतं. आता मोजणारं यंत्र पाच सेंटीमीटर इकडं-तिकडं दाखवत असंल, तर एका दिवसाचं पाणी त्या चुकीतच बुडालं.

म्हणून घरातल्या डिप्लोमावाल्या पोराला हाताशी घेऊन लेझरचा सेन्सर बसवला. आवाजावर चालणारा स्वस्त मिळतो, पण आवाजाचा वेग हवा तापली की वाढतो. १५ अंशाला सेकंदाला ३४० मीटर, ४० अंशाला ३५५. पहाटे आणि दुपारी मोजलं तर दोन मीटरला आठ-नऊ सेंटीमीटरचा फरक, जोवर तापमानाची दुरुस्ती करत नाही. उजेडाला ती अडचण नाही. अडचण वेगळी आहे. उजेड एक मीटर जाऊन परत यायला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे साडेसहा-सात भागच घेतो. एवढा बारका वेळ मोजायचा म्हणजे जरा काही आडवं आलं की आकडा नाचणार. ह्या नाचण्याला पोरं 'नॉइज' म्हणतात.

नाचायची कारणं आम्ही एकेक करून काढली.

पहिलं, पाणी. नितळ पाण्यातून उजेड आत जातो, नाहीतर आरशासारखा भलतीकडं परततो. म्हणून पांढऱ्या थर्माकोलची चकती तरंगत ठेवली. चकचकीत नको, मळकट पांढरी चालंल.

दुसरं, ऊन आणि लाटा. सेन्सरचा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण तसलाच उजेड उन्हातही असतो. सहा इंची पीव्हीसी पाईप उभा केला, बुडाशी भोकं पाडली, वरून टोपण लावलं. आत अंधार, लाटही शांत. पाईप ओळंब्यातच पाहिजे. सेन्सरचा झोत २ अंशांचा आहे, सव्वातीन मीटरवर तो सव्वाअकरा सेंटीमीटर पसरतो. रुंद झोताचा सेन्सर घेतला तर पाईपच्या भिंतीलाच मोजत बसंल. पाईपच्या बुडाखाली जुन्या टायरचा तुकडा ठेवा, कागदाला चीर पडायला नको. आणि तळ्यात उतरताना कमरेला दोर आणि काठावर माणूस, हे विसरू नका.

तिसरं, सेन्सरचं स्वतःचं नाचणं. ह्याला औषध सरासरी. चार वाचनं घेतली की नाचणं निम्मं होतं, सोळा घेतली की पाव, शंभर घेतली की दहावा भाग. आमचा सेन्सर सेकंदाला शंभर वाचनं देतो. त्यातली अगदी भलती वाचनं फेकायची, मग सरासरी. पण सरासरीनं फक्त नाचणं जातं. सेन्सर कायम तीन सेंटीमीटर जास्त दाखवत असंल तर हजार वाचनांनीही ते जाणार नाही. त्याला टेप टाकून एकदा जुळवूनच घ्यावं लागतं.

आता बॅटरी. सेन्सर ०.३५ वॉट खातो. दिवसभर चालू ठेवला तर ८.४ वॉट-तास, म्हणजे टॉर्चमधली चांगली लिथियमची एक सेल एका दिवसात संपली. पण पाणी काय मिनिटाला बदलत नाही. आम्ही दोनच वेळा मोजतो, रात्री नऊला आणि पहाटे चारला. तीन-तीन सेकंद. पहिल्या सेकंदाची वाचनं सोडून द्यायची, सेन्सर स्थिर होईस्तोवर. बाकी वेळ ट्रान्झिस्टरच्या स्विचनं सेन्सरचा पुरवठाच तोडलेला. मग सगळ्यात जास्त कोण खातंय? तर बोर्डावरचा इवलासा लाल दिवा! दोन मिलिअँपिअर घेतला तरी दिवसाचे ४८ मिलिअँपिअर-तास, मोजण्याच्या कितीतरी पट. तो काढून टाकला.

मेसेज पाठवणारा भाग चालू झाला की बॅटरी क्षणभर दबते आणि त्याच वेळी मोजलं तर आकडा बिघडतो. म्हणून आधी मोजायचं, मग पाठवायचं, तेही दिवसातून एकदा. वीज वाचवली की आकडाही सुधारतो, असं इथं दोन्ही एकाच दावणीला आहे.

ह्या दोन वेळा उगाच धरल्या नाहीत. रात्री मोटर बंद, ऊन नाही, बाष्पीभवन कमी. नऊ ते चारमध्ये पाणी जवळपास जाग्यावर पाहिजे. ते रोज एक-दीड सेंटीमीटर उतरायला लागलं तर कागद फाटलाय, एवढं समजायचं. मध्यावर दीड सेंटीमीटर म्हणजे रात्रीत ११ हजार लिटर, एका एकराच्या जवळपास एक दिवसाचं पाणी जमिनीत. आणि पाणी ज्या उंचीवर येऊन उतरायचं थांबतं, चीर त्याच पातळीला शोधायची. रात्रीच्या लाईटचा आठवडा असला की मोटर रात्री चालते, तेव्हा हा हिशेब जमत नाही. तो दिवसाच्या लाईटच्या आठवड्यातच करायचा.

भिंगावर कोळी जाळं करतो, दव धरतं. पंधरा दिवसांनी सुती फडक्यानं पुसायचं आणि त्याच दिवशी एकदा टेप टाकायचा.

जानेवारीत पाणी सोडायच्या आधी दोन एकर धरायचे का एकच, हे आता ह्या आकड्यावर ठरतं. एक एकर सोडायचं तर मन मोडतं, पण मेमध्ये फळं लागलेली झाडं वाळताना बघण्यापेक्षा ते बरं.

तुमच्याकडं तळ्याचं पाणी कसं मोजता, जरूर कळवा.